लाभाच्या पुढचं पद

संध्याकाळी मेंढ्या वाघरीत शिरायच्या तेव्हा माझे वडील, आबा, तिच्या तोंडाशी उभे राहायचे. वाघर म्हणजे आमचं जाळीचं कुंपण, खुंट्यांवर ताणलेलं, एका कोपऱ्यात एका मेंढीपुरती वाट ठेवलेली. पहिली मेंढी आत गेली की आबा म्हणायचे, "लाभ." एवढाच शब्द. त्यानंतर काही नाही. नुसता अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहायचा आणि मेंढ्या एकीमागं एक धुळीत विरघळत आत जायच्या. धरणाच्या पाण्यावरून येणारा उजेड तेव्हा तांबूस झालेला असायचा. मी खुंटीला टेकून बघत बसायचे आणि मनात मोजत राहायचे. लाभ. एक. दोन. तीन. पुढं पुढं आकडे आणि मेंढ्या एकमेकांत मिसळून जायचे, आणि कुठल्या मेंढीला मी सतरा म्हणाले आणि कुठला सतरा नुसताच लोकर पांघरून आत गेला ते कळायचं नाही.

मेंढ्यांचा आकडा तोंडातून काढायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. कुणी विचारलं तर "हायत्या देवाच्या दयेनं," एवढंच. एकदा जनावरांची मोजणी करणारा माणूस मोबाईल घेऊन वस्तीवर आला होता.

"किती लिहू, मामा?"

"लिवा की. दिसत्यात तेवढ्या."

"दिसतायत किती ते सांगा ना."

"का? डोळं घरी ठिवून आलाव व्हय?"

तो बिचारा वाघरीभोवती दोन फेऱ्या मारून, चहा पिऊन गेला. त्यानं काय लिहिलं देव जाणे.

मोजल्याचं सांगायचं नाही, पण एक जरी मेंढी कमी असली तरी आबांना लगेच कळायचं. मी विचारलं होतं, कसं कळतं म्हणून. ते म्हणाले, "कोण न्हाय ते हुडकायचं नसतंय. कुठं मोकळं पडलंय ते बघायचं." मेंढ्या रोज जवळजवळ त्याच क्रमानं आत जातात. फाटक्या कानाचीच्या मागं पांढऱ्या तोंडाची, तिच्या मागं तिची लेक. मधली नसली की मागची पुढचीला एकदम येऊन भिडत नाही, जरा थबकते. त्या थबकण्यात हरवलेल्या मेंढीचा आकार असतो.

मला गणित आलं ते इथून, असं आता वाटतं. शाळेत संख्यामालिका आली, मधला आकडा गाळलेला, तिथं नुसती चौकट. बाकीची पोरं बेरीज-वजाबाकी करत बसायची. मी त्या चौकटीकडं बघत राहायचे, आणि दोन्ही बाजूचे आकडे कुठं थबकतात ते दिसायचं.

मी पदवीधर आहे, गणित घेऊन. आमच्या घरात आणि वस्तीवर माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नम्रपणाचं सोंग मला जमत नाही. पण ही पदवी पहिल्याच वर्षी हातची जाणार होती, आणि तीही एका शब्दापायी.

बारावीनंतर मला धाराशिवला कॉलेजात घातलं. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, चौघींच्या खोलीत भिंतीकडची कॉट. शहरात सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे की इथं संध्याकाळ होत नाही. दिवे लागतात, झालं.

गणिताचे सर उंच होते, खडूच्या धुळीनं त्यांची बाही नेहमी पांढरी. आठवड्याभरातच त्यांनी क्रमिका, म्हणजे आकड्यांच्या मालिका, सुरू केल्या. फळ्यावर लिहिलं: दोन, पाच, दहा, सतरा, मग एक चौकट, मग सदतीस.

कसं करायचं ते त्यांनी आधी समजावलं होतं. आकड्यांच्या खाली त्यांच्यातले फरक लिहायचे: तीन, पाच, सात. त्या फरकांच्या खाली फरकांचे फरक: दोन, दोन. जिथं सगळे सारखे आले तिथं थांबायचं. एका पायरीत सारखे आले तर मालिका साधी. दुसऱ्या पायरीला आले तर तिच्या नियमात एनचा वर्ग असणार, तिसऱ्या पायरीला आले तर घन. एन म्हणजे पदाचा क्रमांक, कितवं घर ते. नियम कळला की कितव्याही घरात सरळ जाता येतं.

मला हे ऐकताना बारव दिसली. वर दगड उंचसखल, कसेही. एक एक पायरी उतरावी, गार व्हावं, आणि तळाला पाणी, सगळीकडं एकाच पातळीवर. दोन, दोन, दोन, दोन. वर कितीही उड्या मारू देत आकडे, तळाला ते शांत असतात. मी त्या पाण्याशी बसले होते बहुतेक, कारण सर दोनदा म्हणाले तेव्हा मला ऐकू गेलं.

"मागच्या बाकावरच्या. चौकटीत काय?"

"सव्वीस."

"शाब्बास. आणि नियम?"

नियम माझ्यापुढं आधीच उभा होता. "एन वर्ग, अधिक दोन एन, अधिक दोन."

सर थांबले. "बघू. एनच्या जागी एक घाला. पहिलं पद किती येतं?"

"एक, दोन आणि दोन. पाच."

"आणि फळ्यावर पहिलं पद किती आहे?"

"पाचच हाय की सर."

"अहो, दोन आहे. हे बघा, दोन."

"ते पहिलं न्हाय. ते लाभाचं."

सरांनी खडू खाली घेतला. "कुणाचं?"

"लाभाचं, सर. ते मोजायच्या आधीचं असतंय."

"लाभ-तोटा शेजारच्या वर्गात, वाणिज्यला," सर म्हणाले. "इथं पहिल्याला पहिलंच म्हणतात. बसा."

हसण्याची जी लाट आली ती अजून कधीकधी कानात येते, पण आता तिचा त्रास होत नाही, लांबच्या पाण्यासारखी वाटते. तेव्हा मात्र कान तापले होते. दुपारपर्यंत माझं नाव पुसलं गेलं आणि मी लाभ झाले. वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर उमरग्याकडची एक मुलगी होती, जीव लावणारी, पण तीही सकाळी हाक मारायची, "लाभ, अगं ऊठ, नळ गेला की आज अंघोळीचा तोटा बघ." मलाही हसू यायचं. काय करणार.

साधी गोष्ट होती. पहिल्या पदाला एक म्हणायचं. सरांनी तीन वेळा सांगितलं, मी तळहातावर निळ्या पेनानं लिहूनही ठेवलं. पण पेन कागदाला टेकला की पहिलं पद आपोआप बाजूला सरायचं, मोजायच्या आधी उभं राहायचं, आणि माझा एन त्याच्यावर शून्य होऊन जायचा. असं केलं की सगळं कसं सोपं दिसायचं! पहिलं पद जसंच्या तसं नियमाच्या शेवटी जाऊन बसायचं, काही काढावं लागायचं नाही. पहिल्याला एक म्हणून बसलं की मालिका धूसर व्हायची, दुसऱ्याच्या चष्म्यातून बघितल्यासारखी.

आणि खरं सांगायचं तर मला आतून वाटत होतं की मी चुकत नाही. माझा नियम मी माझ्यापुरता तपासायचे, तो प्रत्येक पदाला लागू पडायचा. मग चूक कशी? हे सरांना विचारायचा धीर नव्हता, आणि न विचारण्याचा गर्व होता. दोन्ही मिळून माणूस गप्प बसतो.

तीन चाचण्या झाल्या. गाळलेलं पद प्रत्येक वेळी बरोबर, नियम प्रत्येक वेळी चूक. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी बोलावलं.

"मला हे कोडं सुटत नाही," ते म्हणाले. माझे तिन्ही पेपर त्यांच्यापुढं होते. "रिकामं पद तुम्ही वर्गात सगळ्यांच्या आधी काढता. आणि नियम विचारला की भलतंच. कॉपी म्हणावी तर कुणाची? असली उत्तरं दुसऱ्या कुणाची नाहीतच."

"मी करते सर."

"काय करता? आता फक्त तोंडी राहिली, सुट्टीनंतर. बाहेरचे परीक्षक येणार. तिथं नियम सांगता आला तर विषय निघाला. नाही आला तर हे वर्ष गेलं, समजा."

वर्ष गेलं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. नापास मुलीला वसतिगृहात जागा राहत नाही. माकणीच्या अलीकडं आमची वस्ती, तिथून फाट्यापर्यंत चालत यायचं, मिळेल ती एसटी धरायची, पोचेपर्यंत दोन तास होऊन गेलेले. आणि संध्याकाळी परत जाऊन फाट्यावरून अंधारात वस्तीवर कसं पोचायचं? म्हणजे वर्ष नाही, कॉलेजच जाणार होतं.

एसटीत खिडकीशी बसले. बाहेर तुरीचे पट्टे, मधे सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं. विजेचे खांब मागं जात होते, आणि मला असं वाटायला लागलं की दर खांबाला अंतर दोनानं वाढतंय. तीन, पाच, सात, नऊ. खांब इतके विरळ होत गेले की पुढचा येईपर्यंत मी झोपून उठायचे. मग एकदम धरणाचं पाणी दिसलं, चकचकीत, एकाच पातळीवर, आणि कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, उतरायचंय का निजायचंय?"

घरी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायनं ज्वारी उन्हात घातली होती, पोरकिडे झाले म्हणून. दुपारी ती परत पोत्यात भरायची होती. एरवी पोतं धरायला थोरली बहीण असायची, ती लग्न होऊन गेली. मी लहानपणापासून आबांच्या मागं रानात, त्यामुळं दाण्याच्या मापाला मी कधी बसलेच नव्हते. आता माय म्हणाली, "धर तोंड." मी पोत्याचं तोंड धरून बसले. ऊन पाठीवर, ज्वारीचा कोमट वास, बारीक धूळ नाकात. मायनं पायली भरली, हातानं वरचा ढीग सपाट केला आणि ओतली.

"लाभ."

दुसरी भरली, ओतली.

"दोन."

"माय, एक ऱ्हायला."

"काय ऱ्हायलं?" तिनं पोत्यात वाकून बघितलं.

"लाभाच्या म्होरं एक असतंय ना. तू एकदम दोन म्हणालीस."

मायचा हात पायलीवर तसाच राहिला. "मग लाभ म्हंजी कोण? तुजी सासू?"

"लाभ म्हंजी लाभ. मोजायच्या आधीचा."

"अगं बये! लाभ म्हंजीच एक. एक म्हणू ने म्हणून लाभ म्हणत्यात. एक म्हटलं की एकटं ऱ्हातंय दाणं." मग तिचा आवाज चढला, "ओ, ऐकलं का? हिकडं या जरा. तुमची कॉलेजवाली बघा काय म्हणती!"

आबा मागच्या बाजूला एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते. कोकरू काखेत धरूनच आले. मायनं सगळं सांगितलं, दोनदा, मधे पदर तोंडाला लावून. आबा हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले.

"मग तू मेंढरं कशी मोजत हुतीस?"

"लाभ, एक, दोन, तीन..."

"रोज?"

"रोज."

आबांनी कोकरू खाली सोडलं. "म्हंजी लेकी, जलमभर तुझं एक मेंढरू वाघरीभाईर ऱ्हायलं की."

मग ते हसले, आणि माय तर खालीच बसली. मीपण हसले, पण पोत्याचं तोंड हातात घट्ट धरलेलं होतं आणि आत काहीतरी सरकत होतं. आबांनी लाभानंतर कधी काही म्हटलंच नव्हतं. त्या गप्प राहण्यात मी माझे आकडे भरले होते, आणि एक घर चुकून भरले होते. इतकी वर्षं माझ्या मोजणीत एक मेंढी कमी होती, आणि आकडा कुणी मोठ्यानं सांगायचा नाही म्हणून ते कुणाला कळलंच नव्हतं. मलाही नाही.

पुढं पोतं भरेपर्यंत माय प्रत्येक पायलीला माझ्याकडं बघून आकडा ठासून म्हणत होती. "तीन. आलं का ध्यानात? चार. लिवून ठेव."

सकाळी आबांबरोबर गेले. मेंढ्या पाण्याच्या कडेच्या गवतावर पसरल्या होत्या. थंडीचे दिवस लागत होते, पाण्यावर धुकं होतं, त्यात मेंढ्या अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या नव्हत्या. कडेचा गाळ ओला, गुळगुळीत, पाटीसारखा. काठी घेतली आणि लिहिलं: दोन, पाच, दहा, सतरा, सव्वीस, सदतीस. खाली माझा नियम: एन वर्ग अधिक दोन एन अधिक दोन. त्याच्या खाली सरांचा, पहिल्याला एक धरून: एन वर्ग अधिक एक. किती आखूड होता त्यांचा. डोळ्यांत भरणारा. माझ्यापुढं दोन वेगळी जनावरं उभी होती, आणि दोघंही त्याच वाटेनं त्याच पावलांनी चालत होती.

मग मनात आलं, माझ्या नियमात प्रत्येक एनला एक घर मागं सरकवलं तर? एनच्या जागी एन वजा एक. वर्ग उलगडला, त्यातून वजा दोन एन निघाले. पलीकडून अधिक दोन एन आले. दोघं समोरासमोर आले आणि गाळात विरून गेले. मग सुटे आकडे: अधिक एक, वजा दोन, अधिक दोन. राहिलं काय? एन वर्ग. अधिक एक.

मी काठी धरून तशीच उभी राहिले. धुकं निवळत होतं. चुकलं काहीच नव्हतं. वाट एका कोपऱ्याऐवजी दुसऱ्या कोपऱ्यात होती, एवढंच.

आबा मागं येऊन उभे होते. त्यांना वाचता येतं, सही येते, पण हे असलं नाही. ते अक्षरांकडं मेंढ्यांकडं बघतात तसं बघत होते.

"आबा, वाघरीची वाट ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नेली तर मेंढरं बदलत्यात का?"

"मेंढरं कशापायी बदलत्याल?" मग जरा थांबून म्हणाले, "पर नव्या वाटंनं आपलं आपण शिरत न्हाईत. जुन्या वाटंशीच उभी ऱ्हात्यात येडी. चार-दोन दिस ढकलावं लागतंय."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तीन चाचण्या, तोंडी, वसतिगृहाची जागा. पाण्याकडं बघत सांगितलं. एक मेंढी त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती, तिला त्यांनी हाकललंही नाही.

"जागा गेली तर?"

"तर इकडंच."

"इकडं काय वाईट हाय?" ते म्हणाले. "पर तू इकडं आलीस की रोज तिकडं तोंड करून हुबी ऱ्हाशील. मला नको तसलं मेंढरू. चरत न्हाय, हालत न्हाय."

मला रडू आलं नाही, राग आला. बरं झालं. उरलेल्या सुट्टीत मी रोज गाळावर लिहिलं. आधी माझ्या वाटेनं नियम काढायचा, मग एकेका एनला धरून एक घर मागं ढकलायचं. माझी वाट मी सोडणार नव्हते, ती मला माझ्या डोळ्यांनी दिसलेली होती. फक्त शेवटी एक पाऊल टाकायचं. पहिल्या दिवशी चुकलं, दुसऱ्या दिवशी चुकलं. चौथ्या दिवशी घनाची मालिका घेतली आणि पाण्याची एक लाट येऊन ती पुसायच्या आत नियम सरकवून झाला होता.

तोंडी परीक्षा वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. बाहेरचे परीक्षक ठेंगणे, स्वेटर घातलेले, समोर चहाचा कप. आमचे सर शेजारी. माझा नंबर दुपारी आला. परीक्षकांनी स्वतः उठून फळ्यावर लिहिलं: एक, सात, पंचवीस, एकसष्ट, चौकट, दोनशे अकरा.

मी उतरायला लागले. सहा, अठरा, छत्तीस. खाली बारा, अठरा. त्याच्या खाली सहा. पाण्याला पाय लागले. मग परत वर: अठराच्या पुढं चोवीस, छत्तीसच्या पुढं साठ, आणि एकसष्टाच्या पुढं एकशे एकवीस. त्याच पायऱ्यांनी आणखी एक पद चढून बघितलं, नेमके दोनशे अकरा आले.

"एकशे एकवीस."

"छान. नियम?"

सरांनी पेन खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना बघवत नव्हतं बहुतेक.

मी आकड्यांकडं बघितलं. प्रत्येकाच्या पाठीवर एक जादाचा एक बसलेला दिसत होता. तो उतरवला. शून्य, सहा, चोवीस, साठ, एकशे वीस. आणि मग ते सगळे आपोआप उघडले. सहा म्हणजे एक, दोन, तीन एकमेकांच्या गळ्यात हात घालून. चोवीस म्हणजे दोन, तीन, चार. साठ म्हणजे तीन, चार, पाच. तिघं तिघं शेजारी असे चालले होते, आणि त्यांच्या मागं तो एकटा एक. मी लिहिलं: एन, गुणिले एन अधिक एक, गुणिले एन अधिक दोन. आणि अधिक एक.

परीक्षक पुढं झुकले. "पहिल्या पदाला एन किती धरला?"

"शून्य, सर. माझी सवय आहे. आता सरकवते."

डस्टर घेतला. एन पुसून एन वजा एक लिहिला. एन अधिक एक पुसून एन. एन अधिक दोन पुसून एन अधिक एक. शेवटचा एकटा एक जिथं होता तिथंच राहू दिला. मग एनच्या जागी एक घालून दाखवलं: शून्य गुणिले एक गुणिले दोन, शून्य. अधिक एक. एक.

"सरकवलं कशाला?" परीक्षक म्हणाले. "शून्यापासून धरलं तरी चालतं की. आधी तसं लिहायचं असतं फक्त."

आमचे सर खिडकीतून वळले. "लिहायचं ना. ह्यांनी तीन पेपरांत एकदाही लिहिलं नाही कुठून धरलंय ते."

"का हो? लिहिलं का नाही?"

"मला वाटलं सगळ्यांना माहीत असतंय," मी म्हणाले. खरंच तसं वाटत होतं.

परीक्षकांच्या घशात चहा अडकला. सर हसले नाहीत. ते फळ्यावरच्या पुसलेल्या खुणा बघत होते, जुना नियम अजून पुसट दिसत होता नव्याच्या खाली.

"बरं, शंभरावं पद?" परीक्षकांनी ठसका आवरत विचारलं.

नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक. ते तिघं लांबवर दिसले, धुक्याच्या पलीकडं, पण स्पष्ट. मधलं एकही पद मोजावं लागलं नाही. "नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एक," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला वरून कुठून तरी आल्यासारखा वाटला.

मी बाहेर पायऱ्यांवर थांबले होते. बऱ्याच वेळानं सर आले. हातात माझे जुने तिन्ही पेपर होते, त्यावर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. "मी आत्ता बसून बघितले," ते म्हणाले. "तिन्ही बरोबर होते. गुण आता बदलता येत नाहीत, ते पुढं गेले. पण विषय निघाला तुमचा." मग जरा घुटमळून, "पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं मी, तो शब्द काय आहे ते. हसून मोकळा झालो."

मी म्हणाले, "मीबी सांगायला पायजे होतं, सर." खरं म्हणजे त्यांचं चुकलं असं मला वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

वसतिगृहाच्या बाईंनी चष्म्यातून कागद वाचला, रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढं पुढच्या सत्राची खूण केली आणि विचारलं, "कॉट बदलून पाहिजे का? खिडकीकडची एक मोकळी झालीय." मी हो म्हणाले. गादी गुंडाळून मीच नेली. खिडकीतून समोर नुसती गच्ची दिसायची, वाळत घातलेले कपडे आणि पाण्याच्या काळ्या टाक्या, पण ऊन थेट पायांवर यायचं. मी आडवी झाले. कितीतरी दिवसांत दुपारी झोपले नव्हते. जाग आली तेव्हा जेवणाची घंटा कधीच होऊन गेली होती, आणि उमरग्याच्या पोरीनं माझ्या ताटात दोन भाकरी आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती.